टीव्हीवरून घरी रेकॉर्ड केलेली जुनी मालिका व्हीएचएस टेपवरून उतरवताना : माझा अनुभव

दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावरची 'चिमणराव' ज्यांनी पाहिली, ते आजही तिच्याबद्दल भरभरून बोलतात. चिं. वि. जोशींच्या कथा, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ. पण पुन्हा पाहायची म्हटली, तर बहुतेक भाग हाती लागत नाहीत. त्या काळात व्हिडिओ टेप परदेशातून यायची आणि महाग असायची. प्रसारण झालं की तीच टेप पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरायची, असा रिवाज होता. आणि सत्तरच्या दशकात घरात व्हीसीआर असणारे अगदीच थोडे.

१९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर घरोघरी दिसू लागले. म्हणून त्यानंतरच्या ज्या छोट्या कौटुंबिक विनोदी मालिका तेरा भागांत आटोपल्या आणि पुन्हा दिसल्या नाहीत, त्या आज सापडल्या तर लोकांच्या माळ्यावरच सापडतील. अशाच एका मालिकेचे काही भाग मी टेपवरून संगणकावर उतरवले. हक्क कोणाकडे आहेत हे ठरेपर्यंत तिचं नाव देत नाही; उतरवण्याची पद्धत मात्र सगळी सांगतो.

सगळ्यात आधी: लेबलवर विसंबू नका. 'मुंज' किंवा एखाद्या हिंदी सिनेमाचं नाव लिहिलेली टेप बाजूला टाकू नका. १८० मिनिटांच्या टेपवर आधी मालिका घेतली आणि नंतर वरून अडीच तासांचा सिनेमा रेकॉर्ड केला, की शेवटच्या अर्ध्या तासात जुनी मालिका तशीच राहते. सिनेमा संपून पडद्यावर मुंग्या आल्या तरी टेप थांबवू नये, शेवटपर्यंत चालू द्यावी. जिथे नवं रेकॉर्डिंग सुरू झालं, तिथे काही सेकंद चित्रावर इंद्रधनुषी पट्टे दिसतात. जुनं पुसणारं हेड (टेपला टेकणारा चुंबकीय भाग) हे ड्रमच्या, म्हणजे चित्राचे हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलाच्या, आधी असतं, त्यामुळे मधला टेपचा तुकडा न पुसताच वरून रेकॉर्ड होतो. असे पट्टे दिसले, की या टेपवर आधी काहीतरी होतं हे नक्की समजावं.

मशीनमध्ये घालण्याआधी कॅसेटच्या कण्यावरची रेकॉर्डिंगची टॅब तोडावी. चुकून लाल बटण दाबलं गेलं तर जे उरलंय तेही जाईल. मग कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून गुंडाळलेल्या टेपच्या कडा टॉर्च तिरका धरून पाहाव्या. पांढरी भुकटी किंवा जाळीसारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईत आणि कोकणात ठेवलेल्या टेपांना ती सर्रास लागते. अशी टेप चालवली तर हेड बुजतात आणि त्याच मशीनमध्ये पुढे जाणाऱ्या प्रत्येक टेपला ती लागते. आधी हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवून टेप पूर्ण सुकवायची. ओली बुरशी पुसली तर फासली जाते. सुकली की झडते.

नंतर एन-९५ मास्क लावून, घराबाहेर किंवा गॅलरीत कॅसेट उघडायची. खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात. कॅसेट स्क्रूच्या बाजूने पालथी धरून स्क्रू काढायचे, मग ती सुलटी करून वरचं झाकण उचलायचं. टेप कोणत्या खुंटीवरून कशी गेली आहे याचा फोटो काढून ठेवायचा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेलं, धागे न सुटणारं कापड टेपवर हलकेच धरायचं आणि रीळ हाताने फिरवत राहायचं. कापडाची जागा सतत बदलायची. पुसलेले दोन्ही रीळ चांगल्या अवस्थेतल्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवायचे. जुनं खोकं पुन्हा वापरू नये, बुरशीचे कण त्यातच बसलेले असतात.

टेपच्या कडांची अवस्था ओळखता आली तर पुढचा त्रास वाचतो. वरच्या कडेला साधा आवाज असतो, खालच्या कडेला कंट्रोल ट्रॅक, म्हणजे मशीनला टेपची लय सांगणाऱ्या खुणा. वरची कड चुरगळली असेल तर संवाद बुडतात, पण चित्र टिकतं. खालची चुरगळली असेल तर मशीनला टेपची लय सापडत नाही आणि चित्र उड्या मारतं. तिथे ट्रॅकिंग, म्हणजे हेड आणि टेपवरच्या चित्राच्या रेषांचा मेळ, हाताने लावत बसावं लागतं. पहिल्यांदा चालवण्याआधी टेप एकदा पूर्ण पुढे नेऊन परत गुंडाळावी. वर्षानुवर्षं एकाच ताणात राहिलेले वेढे मोकळे होतात.

दर टेपनंतर हेड साफ करावे. शॅमॉय चामड्याची काडी अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला टेकवायची, काडी स्थिर ठेवायची आणि ड्रम हाताने फिरवायचा. काडी वर-खाली अजिबात चालवू नये. कापसाची काडीही नको, तिचे तंतू हेडच्या टोकात अडकतात आणि टोक तुटतं.

मशीन शक्यतो एस-व्हीएचएसचं (व्हीएचएसच्या सुधारित प्रकाराचं), एस-व्हिडिओ आउटपुट असलेलं घ्यावं. रंग आणि उजेड वेगवेगळ्या तारांतून आले की कडांवर रंग पसरणं कमी होतं. चित्राच्या उभ्या रेषा वरच्या बाजूला वाकत असतील तर मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे चित्राच्या ओळींची चुकलेली वेळ जुळवणारं यंत्र, लागतो. तो स्वतंत्र घ्यायचा तर फार महाग पडतो. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर नुसते मध्ये जोडले तरी रेषा बऱ्याच सरळ करतात. त्यावर रेकॉर्ड काहीच करायचं नसतं. चित्र संगणकात घेणारी, बाजारातली अगदी स्वस्त यूएसबी कॅप्चर काडी मात्र टाळावी. ती चौकटी (फ्रेम) गाळते, आवाज हळूहळू मागे पडतो, आणि विनोदी मालिकेत हशा अर्धा सेकंद उशिरा आला की प्रसंगच मरतो.

कॅप्चर ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं मिळून एक चौकट), ४:२:२ (रंगाची बरीच माहिती टिकवणाऱ्या) मध्ये. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ यांपैकी कोणताही लॉसलेस कोडेक, म्हणजे काहीही न गमावता फाइल लहान करणारी पद्धत, चालेल. आवाज ४८ किलोहर्ट्झ, कॉम्प्रेस न केलेला. तासाला साधारण ३० जीबी जागा धरून चाला. मूळ फाइलला हात लावायचा नाही: डी-इंटरलेस (अर्ध्या चित्रांच्या पूर्ण चौकटी करणं), रंगदुरुस्ती, चित्राच्या खालच्या कडेची फाटकी पट्टी झाकणं, हे सगळं पाहण्याच्या प्रतीत. तिथे सेकंदाला ५० चौकटी ठेवल्या तर हालचाल टीव्हीवर दिसायची तशीच दिसते. नुकसान झालेली जागा तीन-चार वेळा उतरवावी. प्रत्येक खेपेला डाग थोडे वेगळ्या ठिकाणी येतात, त्यातून चांगली चौकट निवडता येते.

जाहिराती कापू नका, ही कळकळीची विनंती. मालिकेच्या आधी-नंतर लागणाऱ्या जाहिराती, प्रायोजकाची पाटी, निवेदिकेची घोषणा यांवरूनच प्रसारणाचा काळ ठरतो. माझ्या टेपवर भागाचा क्रमांक कुठेही नव्हता. घोषणेतला 'उद्या गणेशचतुर्थीनिमित्त' एवढा अर्धवट उल्लेख होता. जाहिरातींवरून वर्षांचा अंदाज बांधला, त्या वर्षांतल्या चतुर्थीच्या तारखा काढल्या आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींतल्या टीव्ही कार्यक्रमांच्या रकान्याशी ताडून पाहिल्यावर नेमका दिवस मिळाला.

टेप उतरवून झाली की फेकू नका. पूर्ण गुंडाळून, उभी, कोरड्या जागी ठेवा. हल्ली हेडमधून येणारा कच्चा सिग्नलच नोंदवून चित्र पूर्णपणे संगणकावर उलगडण्याची व्हीएचएस-डीकोड ही पद्धत वापरात आली आहे. नेहमीच्या मशीनवर जिथे नुसते पट्टे दिसतात, तिथूनही तिने काही वेळा चित्र निघतं. माझ्याकडच्या एका भागाच्या शीर्षकगीताचा चुरगळलेला तुकडा आता तसाच करून पाहायचा आहे.