सांगलीचा फोन अमेरिकेत

सांगलीत मारुती रोडवरनं घेतलेला फोन चांगला चालत होता, म्हणून तोच घेऊन अमेरिकेत आलो, इथलं सिम टाकलं तर नेट पळतंय पण कॉल काय लागंना! मग कळलं, इथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ पर्यंत थ्रीजी बंद करून टाकलंय, कॉल व्होल्टीईवरनंच (म्हणजे फोरजी नेटवर्कवरनं) जातो आणि माझं मॉडेल ह्यांच्या चालणाऱ्या फोनांच्या यादीतच नाही. दुसऱ्या स्लॉटमध्ये आपलं जुनं सिम, बँकेच्या ओटीपीपुरतं (रोमिंग मात्र निघायच्या आधीच चालू करून घ्या बाबांनो). प्रीपेड ९० दिवस वापरलंच नाही तर बंद पडू शकतं, म्हणून आई दर महिन्याला कोपऱ्यावरच्या दुकानातनं रिचार्ज मारून आणती आणि लगेच व्हॉट्सॅपवर फोन, "आला का रे मेसेज?" तवा इथं रात्रीचे दोन वाजलेले असतात.