कानानं तळायचं

परवा दुपारी फ्रिजमध्ये बिअरचा एक कॅन सापडला. कुणाच्या तरी पार्टीतून उरलेला. मी पीत नाही, पण टाकवतही नाही. म्हटलं, चला, तळण काढू.

मैदा, थोडं कॉर्नफ्लोअर, मीठ, मिरपूड आणि वरून ती गारढोण बिअर. पीठ एकदम फसफसलं. इथं चार-सहा वेळा हलक्या हातानं फिरवायचं आणि थांबायचं. गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. घोटत बसलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि बुडबुडे जातात ते वेगळंच. पण गुठळी दिसली की माझे हात शिवशिवतात, म्हणून भांडंच लांब सरकवून ठेवते.

कांद्याच्या चकत्या कोरड्या मैद्यात घोळवल्या, नाहीतर पीठ सुटून येतं. तेल 180 अंशांवर. हो, माझ्याकडे थर्मामीटर आहे. तरीही पिठाचा एक थेंब टाकून बघितल्याशिवाय धीर निघत नाही.

पहिला घाणा पडला आणि तेल ओरडलं.

आजीला शेवटी शेवटी फारसं दिसत नसे, पण तळण तिचंच. कढईजवळ स्टूल घेऊन बसायची, मान जराशी कलती. तिच्या हिशोबानं तळण आधी ओरडतं, मग बडबडतं आणि मग पुटपुटतं. पुटपुटायला लागलं की झारा घालायचा. मी शेजारी उभी, तोंडाला सुटलेलं पाणी गिळत. "रंग बघ गं," म्हणायची. मी घाईघाईनं "झालं!" म्हणायचे. "खोटं बोलतेस. अजून बडबडतंय."

तो आवाज पाण्याचा, हे फार उशिरा कळलं. आतलं पाणी वाफ होऊन निसटतं तो सगळा दंगा. पाणी संपत आलं की तेल गप्प होतं. बिअरच्या पिठात गॅसही पळायला बघतो आणि अल्कोहोलही, कारण ते 78 अंशांनाच उकळतं. म्हणून तर कवच असं पोकळ, खुसखुशीत होतं. (अल्कोहोल सगळं उडून जातं म्हणतात, ते खरं नाही. थोडं मागे राहतंच.) पण यात एक गोम आहे. बिअरमधल्या माल्टमुळे रंग लवकर चढतो. डोळ्यांवर भरवसा ठेवला तर वरून तांबूस आणि आतून गिळगिळीत. आजी बिअरच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती, पण हे पीठ तिच्याच पद्धतीनं तळायचं आहे.

म्हणून तळताना माझ्याकडे एक्झॉस्ट बंद, रेडिओ बंद, बोलणं बंद. घरचे हसतात. हसोत. कुणी "गार होतील" म्हणून तळलेल्यावर ताट झाकलं, की मात्र माझा पारा चढतो. वाफ आतल्या आत कोंडते आणि दोन मिनिटांत सगळ्याचं फडकं होतं. जाळीवर उघडं ठेवावं, आणि उभ्या उभ्या खावं.

आजीला पुढे ऐकूही कमी यायला लागलं. एका दुपारी घाणा कढईत असतानाच तिनं झारा आईच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसली. कुणी काही विचारलं नाही.