दिवे लागतात, हॉर्न वाजतो, गाडी मात्र ढिम्म

आदल्या दुपारी मोठाल्या धोंड्यांवरून उतरताना गाडीच्या पोटाखालून खडाड् असा आवाज आला होता. दादाने आडवं पडून खाली पाहिलं. तेल गळत नव्हतं, प्रोपेलर शाफ्ट शाबूत होता. "दगड लागला असेल, चल," म्हणाला आणि आम्ही निघालो. दोनदा ओढा ओलांडला, पाणी बंपरपर्यंत. संध्याकाळी दिवे लावल्यावर टेम्परेचरचा काटा टुणकन वर गेला, बंद केल्यावर खाली आला. आम्ही दोघंही हसलो. जुन्या गाडीचे काटे असेच, अंदाजपंचे. दिव्यांच्या बटणाने इंजिन तापेलच कसं, हे त्या क्षणी एकालाही सुचलं नाही.

मुक्काम नदीच्या कोरड्या पात्रात होता. दोन गाड्या आणि आम्ही चौघं: आमची वीस-बावीस वर्षांची डिझेल फोर बाय फोर आणि मित्र-मैत्रिणीची त्यामानाने नवी. सभोवती भुसभुशीत वाळू, त्यामुळे सकाळी धक्का मारून गाडी सुरू करायचा प्रश्नच नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे हा सल्ला चार वेळा मिळाला.

सकाळी मी किल्ली फिरवली. सिलिंडर आतून तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबले आणि सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी विजेची मोटर) मारला. टक्. पुन्हा मारला. टक्, आणि मागोमाग एक कण्हल्यासारखा आवाज. इंजिन जेमतेम पाव फेरा फिरलं असेल. तिसऱ्या वेळी नुसतंच टक्.

"बॅटरी," मित्र तंबूतूनच म्हणाला.

पण हेडलाइट लख्ख लागले होते. हॉर्न असा वाजला की समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले. दादाने मल्टिमीटर लावला: १२.५ व्होल्ट. पूर्ण चार्ज झालेली, जरा वेळ स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, म्हणजे आमचीही ठणठणीत होती. तरी मित्राने गाडी शेजारी आणली, जंपर केबल काढल्या आणि लाल लालला, काळी काळ्याला, दोन्ही टोकं थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावली. सेल्फ मारला. टक्.

काळा चिमटा तिथे लावायचा नसतो, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. बंद गाडीच्या बाजूचा काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूला लावतात, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडते. आम्ही आळस केला. तो केला नसता तर गाडी तिथल्या तिथे सुरू झाली असती आणि हे लिहायला काही उरलं नसतं.

दादा सेल्फच्या मागे लागला. दरम्यान मला स्वस्थ बसवेना. काल पाण्यातून गेलो, डिझेलमध्ये पाणी शिरलं असणार, असं मीच ठरवून टाकलं. फिल्टरच्या तळाचा नळ सोडला, वरचा स्क्रूही ढिला केला आणि बाटलीत डिझेल काढलं. डिझेल स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही. वास्तविक इंजिन फिरतच नाही तर डिझेलशी त्याचा काय संबंध? फिरतं पण पेट घेत नाही, तेव्हा डिझेलकडे बघायचं. फिरतच नाही, तेव्हा आधी वीज. शाळकरी गोष्ट आहे. पण हातात पाना असला की बोल्ट आपोआप दिसायला लागतात. सगळं बंद करून टाकलं आणि कोणालाही काही बोलले नाही.

दादाने मला आत बसवलं. "मी सांगेन तेव्हा सेल्फ मार, पाच सेकंद. जास्त नको." मीटरच्या कांड्या बॅटरीच्या दोन टोकांवर. मी किल्ली फिरवली.

"१२.१," तो म्हणाला. "पडतच नाहीये."

बॅटरी मेलेली असती तर सेल्फच्या ओझ्याने आकडा ९-९.५ च्या खाली कोसळला असता. इथे आकडा जवळजवळ जागचा हलला नाही. बॅटरी द्यायला तयार होती, पण तिच्याकडून पुरेसं कोणी घेतच नव्हतं. वाट कुठेतरी तुटली होती.

डिझेल गाडीचा सेल्फ दोनशे अँपिअर सहज ओढतो, थंडीत त्याहून जास्त. वाटेत ०.०१ ओहम इतका क्षुल्लक अडथळा असला तरी दोनशे अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. दोन हेडलाइटना मिळून नऊ-दहा अँपिअर पुरतात. त्याच अडथळ्यावर त्यांचं ०.१ व्होल्टचं नुकसान, जे डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून 'दिवे लागतात म्हणजे करंट आहे' हा दाखला सेल्फच्या बाबतीत कुचकामी. आणि आमच्या गाडीत तर दिव्यांची परतीची वाट आणि सेल्फची परतीची वाट वेगळी होती, पण तिथवर आम्ही अजून पोचलो नव्हतो.

टर्मिनल घासले, आवळले. फरक नाही. सेल्फवर पान्याच्या दांड्याने दोन टोले दिले, कारण आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे झिजलेले कार्बन कधीकधी त्याने टेकतात. फरक नाही. "पुन्हा मार," दादा म्हणाला आणि वायर हलवून बघायला त्याने इंजिनात हात घातला. मी किल्ली फिरवली आणि तो "आई गं!" करून मागे सरला.

ॲक्सिलरेटरची केबल. ती चटका बसण्याइतकी तापली होती, आणि काळ्या आवरणाचा जळका वास आता मलाही आला. ही केबल म्हणजे नुसती लोखंडी तार, वीज वाहणं हे तिचं काम नाही. आम्ही दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिलो.

"अर्थिंग," दादा म्हणाला. म्हणजे वीज गाडीच्या धातूतून बॅटरीकडे परतायची वाट.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने अधांतरी. आमच्या बॅटरीचं निगेटिव्ह चेसिसला जातं, आणि चेसिसपासून गिअरबॉक्सला तांब्याच्या विणलेल्या तारेचा एक चपटा पट्टा जातो. सेल्फ इंजिनला बोल्टने आवळलेला; त्याचा सगळा करंट या पट्ट्यानेच परत येतो. पट्टा तुटला की करंट मिळेल त्या आडवाटेने परततो, आणि इंजिन ते बॉडी अशी धातूची आडवाट म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल. कालचा टेम्परेचरचा काटा का नाचत होता तेही आता उलगडलं: त्याच्या सेन्सरचं अर्थिंगही इंजिनमधूनच होतं.

खात्री करायला एक कांडी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला धरली आणि सेल्फ मारला. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं. दिसले साडेआठ. दादा गाडीखाली शिरला. पट्टा एका बाजूने लोंबकळत होता, तुटलेलं टोक दगडाने चेपलेलं. पण अर्ध्याहून जास्त तारा आतून हिरव्या पडल्या होत्या. दगडाने फक्त शेवटचा घाव घातला. मरण बऱ्याच वर्षांचं होतं.

काळ्या जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन उचलायच्या हुकाला. सेल्फ मारला. घर्र घर्र घर्र, इंजिन झोकात फिरलं. दादाने दोन्ही हात वर केले.

पण पेट घेईना. सायलेन्सरमधून धुराची रेघही नाही. फिरतंय आणि धूर नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. दादाचा चेहरा पडला. "आता हे काय नवीन?"

तेव्हा मला तोंड उघडावं लागलं. फिल्टर मीच उघडला होता, आणि तिथून डिझेलच्या वाटेत हवा शिरली होती.

तो रागावला नाही, हे जास्त बोचलं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून त्याने माझ्याकडे बोट केलं, आणि मी हातपंप मारत बसले. आधी नुसता फेस, मग बुडबुडे आणि डिझेल अर्धं-अर्धं, मग अखेर सलग धार. स्क्रू आवळला. तेवढ्याने भागलं नाही. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या दोन नोझलच्या पाइपचे नट अर्धा फेरा सैल केले, सेल्फ मारून तिथून डिझेल झिरपेपर्यंत हवा काढली आणि पुन्हा आवळले. नोझलजवळ बोट कोणी नेलं नाही. तिथला दाब त्वचेत डिझेल घुसवण्याइतका असतो. दर दहा सेकंदांनी सेल्फला मिनिट-दोन मिनिटं विश्रांती, नाहीतर तोही गमवायचा.

पाचव्या की सहाव्या वेळी पांढरा धूर आला, एक सिलिंडर ठसकला, मग दुसरा, आणि गाडी अंग झाडत सुरू झाली. अकरा वाजले होते.

जंपर केबल झिप टायने बांधली, चिमट्याला रबरी ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि निघालो. दिवसभर इंजिन बंद करायची हिंमत झाली नाही. घाटमाथ्यावर सगळे फोटो काढायला उतरले, मी मात्र आत बसून गाडी घुरघुरत ठेवली.

संध्याकाळी पक्क्या रस्त्याला लागल्यावर दादाने किल्ली काढून माझ्या हातात दिली. "मार सेल्फ." पहिल्याच फटक्याला गाडी लागली. मी खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि ॲक्सिलरेटरच्या केबलला हळूच हात लावून पाहिला. गार होती.