आमची वाटचाल : सरांच्या हाताखाली उभी राहिलेली फर्म

आमच्या वकिली फर्मची सुरुवात कधी झाली असं कुणी विचारलं, की मी भागीदारीच्या कागदावरची तारीख सांगत नाही. सर एकटेच दिवाणी वकिली करत होते, त्यांच्याकडे आम्ही एकेक जण ज्युनिअर म्हणून येत गेलो, तीच खरी सुरुवात. २०२३ मध्ये सर गेले. त्यानंतर जुने अशील भेटायला येत राहिले आणि जवळजवळ प्रत्येकाने एकच आठवण काढली : सर आमच्याशी खरं बोलायचे.

दावा लंगडा असेल तर वकीलपत्रावर सही होण्याआधीच ते तसं सांगत. जमिनीवर अतिक्रमण झालंय म्हणून कुणी आलं, की त्यांचा पहिला प्रश्न असे, “समोरच्याचा ताबा कधीपासून आहे?” मालकी हक्काच्या आधारे ताबा मागायला १९६३च्या मुदत कायद्यात १२ वर्षं आहेत आणि ती समोरच्याचा ताबा मालकाच्या हक्काला विरोधी झाल्यापासून मोजतात. ही मोजणी कुठे सुरू होते, हे सर अशिलाला कागदावर रेघ ओढून दाखवत. मुदत उलटून गेलेली दिसली, तर “फी घेईन, पण निकाल हातात देता येणार नाही” असं त्याला समोर बसवून सांगत. काही जण दुसऱ्या वकिलाकडे जात. त्या काळात ऑफिसचा खर्च भागवणं सोपं नव्हतं, तरी त्यांनी ही रीत मोडली नाही. फर्म टिकली ती या रीतीमुळेच, असं माझं ठाम मत आहे.

ज्युनिअरला ते आधी दावा लिहायला देत नसत. आधी तारखांची यादी. खरेदीखत कधीचं, फेरफार कधी मंजूर झाला, नोटीस कधी मिळाली, वाद नेमका कोणत्या दिवशी उभा राहिला. दाव्याचं कारण कधी घडलं हे दाव्यातच यावं लागतं आणि दावा मुदतबाह्य आहे हे त्याच्या मजकुरावरूनच दिसत असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली तो तिथेच फेटाळला जाऊ शकतो. यादी पक्की झाली की मगच मसुदा. तो पेन्सिलच्या खुणांनी भरून परत येई. “पुरावा इथे नको, घडलेल्या गोष्टी लिही,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पहिल्या महिन्यापासून ते ज्युनिअरला मानधन देत आणि अशिलासमोर त्याची ओळख ‘वकीलसाहेब’ किंवा ‘वकीलबाई’ अशीच करून देत. घरात पहिल्यांदाच कुणी काळा कोट घातलेला, अशा आमच्यासारख्या मुलामुलींना त्या शब्दांनी किती बळ दिलं, हे आज शब्दांत मांडणं मला जमत नाही.

निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज गेलाच पाहिजे, हा दुसरा दंडक. जिल्हा न्यायालयात पहिलं अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. नक्कल मिळायला लागणारा वेळ यातून वगळला जातो, पण अर्जच उशिरा केला तर त्याआधी गेलेले दिवस परत मिळत नाहीत. यासाठी त्यांनी मुदतीची वेगळी वही ठेवली होती. करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला, तेव्हा आम्हाला वाटलं, आता वहीला सुट्टी. सर म्हणाले, “कोर्टाने मुदत थांबवली आहे, आपण वही थांबवायची नाही.” सवलत संपल्यावर बार असोसिएशनमध्ये सगळीकडे हिशेबांची धावपळ सुरू होती. आमच्याकडे प्रत्येक फाइलपुढे नवी तारीख आधीच लिहिलेली होती.

वाटपाचे दावे मात्र सर वेगळ्या जिव्हाळ्याने चालवत. भाऊ-बहीण समोरासमोर उभे राहिले, की उलटतपासणीतही त्यांचा आवाज चढत नसे; हीच माणसं उद्या एकाच लग्नात पंगतीला बसणार आहेत, असं ते आम्हाला सांगत. बहिणीला हक्कसोडपत्रावर सहीसाठी घेऊन आलेल्या भावाला ते बाहेर बसवत आणि तिला एकटीला समजावून सांगत, की हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. त्या दिवशी सरांनी निकालपत्र आम्हा सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचायला लावलं. सगळं कळल्यावरही बहिणीला हक्क सोडायचाच असेल, तर ते अडवत नसत. तडजोड लोकअदालतीत जायची असेल, तर निवाड्यावर अपील नाही म्हणून पुरसीसमधलं, म्हणजे तडजोडीच्या अटी लिहून कोर्टात दिलेल्या निवेदनातलं, एकेक कलम दोन्ही बाजूंना वाचून दाखवत.

घरी ते पूर्ण घरचे असत. संध्याकाळी ठरल्या वेळी ऑफिस बंद, रविवारी फाइल नाही. काकूंच्या आजारपणात त्यांनी महत्त्वाच्या केसेससुद्धा आमच्यावर सोपवल्या आणि तारखांना मुदत मागत न बसता आम्हालाच युक्तिवाद करायला उभं केलं. मुलगी आणि मुलगा दोघांनीही वकिलीची वाट धरली नाही. त्याचा सरांना कधी सल नव्हता. मुलीच्या संशोधनाविषयी ते आमच्याशी अभिमानाने तासन्‌तास बोलत.

सरांनंतर फर्मपुढचं मोठं काम आलं ते १ जुलै २०२४ला. १८७२च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, पण त्या दिवशी प्रलंबित असलेली प्रकरणं जुन्याच कायद्याने चालतात. त्यामुळे नव्या ज्युनिअरना दोन्ही कायदे शिकावे लागतात. त्यासाठी आम्ही शनिवारी दुपारचं वाचन सुरू केलं. सरांचे जुने ज्युनिअर, आता स्वतंत्र वकिली करणारे, त्यातले काही तर कोर्टात आमच्याविरुद्ध उभे राहणारेही, शिकवायला येतात. सध्या साक्षीपुराव्याचं प्रकरण चालू आहे. ते संपलं की मुदत कायदा घेणार आहोत, आणि त्याची सुरुवात तारखांच्या यादीपासून होईल.