माळा अपडेट ५ : पाऊस नाही, गळती नाही, तरी ग्लासवूल ओलं

मंडळी, पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर मी ग्लासवूल (उष्णता अडवणारी काचेच्या तंतूंची जाड गादी) अंथरतोय, आणि मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की दुसरा थर आडवा टाकला की काम फत्ते. कसलं काय. परवा मापाची टेप वर राहिली म्हणून सकाळी माळ्यावर चढलो, तुळईवर गुडघा टेकवताना घसरलो, ग्लासवूलवर पडलो आणि पँट ओली! वरचा थर हाताला चक्क दमट लागत होता.

पहिला संशय अर्थातच पत्र्यावर. दोन दिवस छपरावर बसून एकेक स्क्रूचा वॉशर बघितला, तीन बदलले, सांध्यांना सिलिकॉन मारलं, बादल्या ओतून बघितल्या, आत एक थेंब नाही. आणि तिसऱ्या सकाळी परत ओलं. मग पहाटेच डोक्याला टॉर्च बांधून वर जाऊन बसलो तेव्हा दिसलं, पत्र्यातून आत आलेल्या प्रत्येक स्क्रूच्या टोकाला एकेक थेंब लटकलेला, आणि पत्र्यावरून आतून बोट फिरवलं तर रेघ उमटली. गळती नव्हतीच ती, माळ्यात दव पडत होतं.

मग लक्षात आलं की ढगाळ रात्री सगळं कोरडं असतं, आकाश निरभ्र असलं की ओलं. पत्रा रात्री आकाशाकडे उष्णता फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. मीटर ठेवला तर आत २२ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता, म्हणजे पत्रा साधारण १९ च्या खाली गेला की थेंब धरणारच.

चीड याची येते की हे मीच करून ठेवलंय. आधी घरातली ऊब वर झिरपायची, माळा जरा गरम राहायचा. आता २०० मिमी ग्लासवूल (लॅम्बडा, म्हणजे उष्णता वाहून नेण्याचं माप, ०.०४ धरला तर आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, ५) ऊब अडवतंय, वाफ मात्र त्यातून आरामात जाते. आणि ग्लासवूल कोंबताना वळचणीत एक बोटभरही फट सोडली नाही म्हणून मी मागे मिरवलं होतं ना? हवा यायची वाटच ती! कोंबून भरलं की आर-व्हॅल्यू पण मार खाते, दोन्हीकडून नुकसान.

सगळं उपसलं. प्रत्येक दोन वाशांमध्ये पोकळ प्लॅस्टिक शीटची पन्हळ करून स्टेपल केली, पत्रा आणि ग्लासवूल यांच्यात ५० मिमी मोकळी. मग उदबत्ती घेऊन भोकं शोधत फिरलो. वायरिंगच्या पाइपांपाशी धूर थोडा हलत होता, पण बाथरूमच्या एक्झॉस्टवर आलो तर डक्टचा (हवा बाहेर नेणाऱ्या नळीचा) एल्बोच, म्हणजे वळणाचा जोड, निखळलेला, बहुतेक पहिला थर टाकताना माझीच लाथ बसली असणार, म्हणजे एवढे दिवस अंघोळीची सगळी वाफ थेट माळ्यात!! एल्बो बसवून ॲल्युमिनियम फॉइल टेप मारली. ती कापडी डक्ट टेप डक्टला सोडून बाकी कशालाही लावा, काही दिवसांत सुटते. भोकांना फोम मारला, आणि फोमला गनच घ्या, नळीवाला डबा एकदा उघडला की उरलेला फोम आत वाळून वाया जातो. हातमोजे विसरू नका, माझ्या अंगठ्यावर अजून आहे.

एक मात्र मस्त जमलं, ओला भाग काढून नवीन तुकडे कापताना दातेरी लांब सुरी वापरली. कटरने नुसत्या चिंध्या होत होत्या, सुरीने १०० मिमीचा तुकडा तुळयांमध्ये असा बसला की बघतच राहिलो. सप्लायरने मात्र रोल इतका दाबून पाठवलाय की दोन दिवस उघडा ठेवूनही तो ८० च्या वर फुगेना, जाडी मोजूनच घ्या.

पुढचा प्लॅन उष्णता परतवायला ग्लासवूलवरून चकचकीत फॉइल अंथरायचा होता. तो रद्द. गार बाजूला फॉइल टाकली तर वाफ खाली अडकणार, शिवाय धूळ बसली की चकाकीचा उपयोगही जातो. त्यापेक्षा भोकांवाली फॉइल वाशांच्या खालून, खाली हवा सोडून. पण थांबा, हे लिहितानाच डोक्यात आलं, पत्र्यावरून थेंब पडले तर ते त्या फॉइलवरच साचतील की! मग आधी दव थांबतंय का बघतो, फॉइल नंतर.

काल रात्री ओल्या जागी टिश्यू पेपर पसरून ठेवले होते. सकाळी सात कोरडे, एकावर रुपयाएवढा डाग. तो बरोबर एल्बोच्या वर आहे, त्यामुळे उद्या परत उदबत्ती.