वाशी ते बेलापूर, पामबीचने: पंचेचाळिशीनंतरचे पहिले दहा किलोमीटर

नवी मुंबईत वाशी स्टेशनवर उतरायचं, पामबीच मार्गाने बेलापूर स्टेशन गाठायचं आणि लोकलने परत यायचं, एवढाच बेत. अंतर साधारण दहा किलोमीटर. त्यातले सात-आठ पळायचे, उरलेले चालायचे. रस्ता जवळजवळ सपाट आहे.

हा मार्ग निवडण्याचं कारण खाडी किंवा फ्लेमिंगो नाही. कारण आहे रेल्वे. पामबीचच्या आतल्या अंगाला सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स-दारावे अशी स्टेशनं ओळीने लागतात. गुडघा कुरकुरला, पोटरी धरली, पोट बिघडलं, तर डावीकडच्या कुठल्याही सिग्नलला वळा, रिक्षा करा आणि स्टेशन गाठा. चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडून पळायला लागलेल्या माणसाला वाटेत सोडून देता येईल असाच मार्ग हवा. ठाण्याच्या मंडळींना येऊरच्या डोंगराचा मोह होतो, पण सुरुवातीला तो नको. वर चढलात की तेवढंच खाली यावं लागतं, आणि गुडघ्याची खरी वाट उतारावर लागते. शिवाय ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्याचं घर आहे. अंधारात तिथे पळायला जाऊ नये. ठाण्यातल्या तलावपाळीला फेऱ्या मारता येतात, पण सकाळी सहानंतर तिथे पळणं म्हणजे लग्नाच्या मांडवात वाट काढणं.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची वाशी गाडी थेट आहे. परतीला बेलापूरहून पनवेल-ठाणे लोकल मिळते. वार रविवारचाच धरावा, कारण रस्त्यावर वर्दळ कमी असते. मात्र रविवारी हार्बरवर मेगाब्लॉकची शक्यता असते आणि तो बहुधा अकराच्या सुमारास लागतो. साडेनऊच्या आत परतीची गाडी मिळेल असा हिशोब ठेवा. वेळापत्रक शनिवारी रात्रीच बघून घ्या.

आता निघण्याआधीचे चार महिने. होय, चार. या वयात फसगत होते ती इथेच. दम पाच-सहा आठवड्यांत सुधारतो, जिना चढताना धाप लागेनाशी होते, आणि माणसाला वाटतं की शरीर तयार झालं. झालेलं असतं फक्त हृदय आणि फुप्फुस. कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) आणि सांध्यांभोवतीचे बंध यांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यांना त्याच कामासाठी महिने लागतात. दुखापती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होतात, ऐन उत्साहात, त्या यामुळेच. टाचेमागची जाड कंडरा (डॉक्टर तिला अकिलिस म्हणतात), तळपायाचा पडदा आणि नडगी ही तीन ठिकाणं आधी बोलतात.

आठवड्यातून तीनच दिवस पळा, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. पहिले दोन आठवडे एक मिनिट पळा आणि दोन मिनिटं चाला, असे दहा वेळा. पुढचे दोन आठवडे दोनास दोन. मग तीनास एक, मग चारास एक. सलग पळण्याची हौस इथे ठेवायचीच नाही. चारास एक या गतीने दहा किलोमीटर आरामात होतात. शेवटच्या महिन्यात रविवारचं लांब अंतर पाच, सहा, सात असं एकेक किलोमीटरनेच वाढवायचं आणि चौथ्या रविवारी परत पाचवर यायचं. त्या हलक्या आठवड्याला पुष्कळ जण कंटाळतात आणि नेमका तोच गाळतात.

दोन दिवस पोटऱ्यांचं काम. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहा, टाचा हवेत. दोन्ही पायांनी वर उठा, मग एका पायावर भार टाकून टाच पायरीच्या पातळीखाली सावकाश उतरवा, मनात तीन मोजत. पंधरा वेळा, तीन खेपा. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीतले दोन वेगळे स्नायू त्यात कामाला लागतात. कठड्याला हात लावलेला चालेल. वर चढणं सोपं असतं, फायदा उतरवण्यात आहे, म्हणून तिथे घाई नको.

डॉक्टरांची भेट टाळू नका. रक्तदाब, साखर, ईसीजी, आणि घराण्यात हृदयविकार असेल किंवा धूम्रपान असेल तर ट्रेडमिलवरची चाचणी. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटाची गोळी चालू असेल तर मनगटावरच्या घड्याळातले ठोके विसरा, गोळी ते मुळातच खाली धरून ठेवते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर पळण्याच्या दिवशीचा डोस डॉक्टरांना विचारूनच, आणि खिशात ग्लुकोजची पुडी हवीच.

वेगासाठी यंत्र लागत नाही. पळता पळता सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन इथपर्यंत एका दमात आलात तर वेग बरोबर. सतरा दुणेलाच श्वास तुटला तर चाला. (पाढा आठवत नसेल तर तो वेगळा प्रश्न.) आकडाच हवा असेल तर वयाला ०.७ ने गुणा आणि २०८ मधून वजा करा. पन्नाशीच्या माणसाचे कमाल ठोके त्यातून साधारण १७३ येतात. त्याच्या ७० ते ७५ टक्के, म्हणजे १२१ ते १३० च्या आसपास राहायचं. हे सरासरीचं गणित आहे, एखाद्याच्या बाबतीत दहा-बारा ठोके सहज इकडे-तिकडे होतात, म्हणून पाढ्यावर भरवसा जास्त.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याची रुंदी सुटली पाहिजे. ती सुटली नाही तर उरलेला हिशोब काळ्या पडलेल्या नखात होतो. बुटाला सगळ्यात वर, घोट्याजवळ, एक जादा भोक असतं. बहुतेकांच्या बुटात ते जन्मभर रिकामं राहतं. नाडी त्याच बाजूच्या वरच्या भोकातून बाहेरून आत घालून एक छोटा फास तयार करा, दुसऱ्या बाजूलाही तसाच. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवून खाली ओढा आणि गाठ मारा. टाच बुटात जागच्या जागी बसते, पाय पुढे सरकत नाही. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर बूट बदलायचे, वरून नवेकोरे दिसले तरी. आतला फोम दबलेला असतो. नवे बूट किंवा नवे मोजे या रविवारी पहिल्यांदा घालू नका.

प्रत्यक्ष दिवस. थंडीत सूर्य सात-सव्वासातला उगवतो, मे महिन्यात सहाच्या सुमारास. निघायचं उजेडाच्या थोडं आधी. निघण्याआधी दीड तास एक केळं किंवा मारीची चार बिस्किटं, एक पेलाभर पाणी. शौचाला जाऊन या. ही गोष्ट कुणी लिहीत नाही, पण पामबीचच्या मधल्या टप्प्यात सोय शोधणं फार जड जातं. काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन. पुरुषांनी स्तनाग्रांवर बँडेजची पट्टी लावावी. घामाने भिजलेला टी-शर्ट तासाभरात तिथे कातडी सोलतो.

वाशी स्टेशन ते सानपाड्याचं मोराज सर्कल हा पहिला किलोमीटरभर नुसतं चाला, आधी सावकाश, मग झपझप. सर्कल ओलांडताना घाई नको. पुढे कुठल्या बाजूने पळायचं हे इथेच ठरतं. बेलापूरकडे तोंड केलं की खाडी उजव्या हाताला. खाडीच्या बाजूच्या मार्गिकेवर गाड्या बेलापूरहून वाशीकडे येतात, म्हणजे तुमच्या समोरून. त्याच बाजूने, अगदी कडेने किंवा पदपथ असेल तिथे पदपथावरून पळा. पहाटे पामबीचवर गाड्या भरधाव सुटतात, रात्र जागवून परतणारेही त्यात असतात. मागून येणारी गाडी दिसत नाही, समोरची दिसते. दुसरं म्हणजे या बाजूला वस्ती कमी, त्यामुळे आडवे येणारे रस्तेही कमी. अंगावर चमकणारी पट्टी हवी, कानात काही नको.

कडेने पळताना एक त्रास होतो. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. एकाच कडेने तासभर पळालात की उजवं पाऊल सतत किंचित खाली पडतं आणि डाव्या-उजव्या गुडघ्यांवर वेगवेगळा भार येतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची दुखणी बरेचदा यातूनच सुरू होतात. जिथे पदपथ सलग आणि सपाट आहे तिथे त्यावर चढा. पावसाळ्यात मात्र उलट करा. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं आणि झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्या साबणासारख्या होतात, तेव्हा डांबर बरं. साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, खाली झाकण आहे की नुसतं भोक, हे वरून कळत नाही.

सानपाडा सुटला की सारसोळेच्या सिग्नलपर्यंत एकसुरी पट्टा आहे. इथेच लोक नकळत वेग वाढवतात. चारास एक काटेकोर पाळा. पाय ताजे असतानाही चालण्याचं मिनिट घ्यायचं, दमल्यावर घेतलेल्या मिनिटाचा फारसा उपयोग नसतो. किलोमीटरला आठ-साडेआठ मिनिटं लागली तर उत्तम चाललंय. फौजा सिंग यांचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतात. त्यांनी २००० साली, ८९ व्या वर्षी, लंडनची मॅरेथॉन पूर्ण केली ती सुमारे सात तासांत. तो वेळ मात्र फोटोखाली कुणी लिहीत नाही.

नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई हे उद्यान आलं की निम्मा टप्पा झाला. इथे बाकं आहेत, माणसं आहेत, थांबायला जागा आहे. घसा ओला करा. पाणी किती? तहान लागेल तितकं, साधारण वीस मिनिटांनी तीन-चार घोट. अर्धा लिटरची बाटली हातात पुरते. नुसतं पाणी ढसाढसा पिऊ नये, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकं जड होऊन मळमळ सुटते. दमट दिवसांत बाटलीत ओआरएस घाला. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. स्वतःचा घाम किती जातो हे एकदा मोजून ठेवा. पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो उतरलं म्हणजे एक लिटर गेलं, मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवायचं. पावसाळ्यात हवेत इतकं पाणी असतं की घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि अंग थंड होत नाही. तेव्हा तोच वेग तेवढ्याच ठोक्यांत निघणार नाही. किलोमीटरमागे अर्धा-एक मिनिट सोडून द्या.

करावे गाव, चाणक्य (जहाजावरच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण संस्था), मग एनआरआय हे निवासी संकुल हा सगळ्यात देखणा भाग. डिसेंबरपासून मेपर्यंत आलात तर रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, दिसतात. शनिवारी भरतीची वेळ बघून ठेवा. ओहोटीला ते दूर खाडीच्या चिखलावर चरायला जातात, तिवरांच्या पलीकडे नुसती गुलाबी रेघ दिसते. भरती चढली की चिखल बुडतो आणि थवे आतल्या पाणथळीवर, चाणक्य आणि डीपीएस तळ्याकडे येतात. भरती सकाळी सात-आठची असेल तर थांबा, पाच मिनिटं गेली तर गेली.

थांबण्याच्या इतर कारणांत गफलत नको. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे सरकणारं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम यांतलं काहीही झालं तर पळणं तिथेच बंद करून १०८ ला फोन करायचा. चालत पुढे जाऊ, बघू, हा विचार नको. स्नायू दुखतात ते दोन्ही पायांत, पसरून. एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि चालतानाही जात नसेल, तर ती जखम आहे. सीवूड्स डावीकडेच आहे, घरी जा. कुत्री भुंकत आली तर पळणं थांबवून चालायला लागा. बहुतेक वेळा त्यांचा रस तेवढ्यावर संपतो.

किल्ले चौकात महापालिकेचं मुख्यालय दिसलं की पळणं संपलं. तिथून बेलापूर स्टेशनपर्यंत चालतच जा, हे चालणं वेळापत्रकाचा भाग आहे. पटकन बसलात तर पोटऱ्यांत गोळे येतात. स्टेशनजवळ नाश्त्याला भरपूर मिळतं, पण हिशोब ठेवा. सत्तर किलोच्या माणसाचे दहा किलोमीटरला जेमतेम सातशे कॅलरी खर्च होतात. दोन वडापाव आणि एक गोड चहा घेतला की खातं बरोबरीत. वजन उतरवायला पळणारे इथेच निराश होतात. मिळकत दुसरीकडे असते. उठल्याउठल्या मोजलेली नाडी काही महिन्यांत पाच-दहा ठोक्यांनी खाली येते, रक्तदाब थोडा सुधारतो, झोप गाढ लागते, दादरचा पूल एका दमात चढून जाता.

गाडीत बसण्याआधी सुका टी-शर्ट चढवा, घरी जाऊन बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. सोमवारी सकाळी पलंगावरून खाली ठेवलेलं पहिलं पाऊल नीट बघा. टाचेत टोचलं आणि दहा पावलांत गेलं, तर आठवडाभर अंतर निम्मं करा. दुपारपर्यंत टोचत राहिलं, तर पुढचा रविवार नुसता चालण्याचा.