लिनोच्या प्रिंटा, मागाचा आवाज आणि झेरॉक्सच्या दुकानातला स्कॅनर

लिनो, म्हणजे छापायचा ठसा कोरायची मऊ लादी, कोरायला जमतं, त्या प्रिंटांना हलवायचं अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर पण चार दिवस बसलं की जमतं, खरं कागदावरची प्रिंट कॉम्प्युटरमध्ये जशीच्या तशी न्यायची म्हटलं की घाम फुटतो आणि ह्याबद्दल कुणी धड सांगत नाही. म्हणून लिहायलेय. डोकं अजून तापलेलं आहे तोवर लिहून टाकते.

विषय साधा होता. वडगावात मामांचे माग आहेत, त्यातल्या एका मागावर धोटा (आडवा दोरा घेऊन जाणारी लाकडी नळी) इकडनं तिकडं पळतोय आणि कापड गुंडाळत जातंय, एवढंच तीस सेकंदात दाखवायचं. व्हिडिओ सेकंदाला 24 फ्रेमचा, म्हणजे 24 चित्रांचा, एक प्रिंट तीन फ्रेम धरून ठेवली तर सेकंदाला 8 प्रिंटा पुरतात, म्हणजे तीस सेकंदाला 240. आकडा बघून घाबरू नका, 240 ब्लॉक कोरायचे नसतात. मागाचा ब्लॉक एकच, त्यात मधे पांढरी पट्टी सोडलेली, धोट्याचा लहान तुकडा वेगळा कापून घेतला आणि दर प्रिंटला तो थोडा थोडा सरकवून छापला. एकेका जागेच्या दोन-तीन प्रिंटा काढून ठेवा, शाई दरवेळी वेगळी बसते, त्या आलटून पालटून लावल्या की चित्र जिवंत वाटतं. प्रेस नाही माझ्याकडं, स्टीलच्या डावाच्या पाठीनं घासून काढल्या सगळ्या. हे सगळं मजेत झालं.

मग स्कॅनिंग. घरात स्कॅनर नाही म्हणून बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. जून महिना, ॲडमिशनची गर्दी, कुणाचं मार्क्स कार्ड, कुणाचं कास्ट-इन्कम, कुणाचा जमिनीचा उतारा, आणि त्यात मी काळ्या शाईचा गठ्ठा घेऊन उभी. दुकानदारानं वरच्या पाच-सहा प्रिंटा चाळल्या आणि म्हणाला, "अक्का, सगळी एकच चित्रं की ओ ही. एकच स्कॅन करतो, बाकी कॉपी मारतो, पैसे वाचतील तुमचे." मी म्हटलं, नाही ओ, धोटा बघा, प्रत्येकात सरकलाय. त्यानं दोन प्रिंटा उजेडाला धरल्या, मागं उभ्या असलेल्या एका आजोबांनी पण मान पुढं घालून बघितल्या, दोघांनाही काही फरक दिसला नाही.

मी दहादा सांगितलं की काचेवर एकेक ठेवा. हो हो म्हणत ह्यानं अख्खा गठ्ठा वरच्या फीडरमध्ये, म्हणजे कागद आपोआप आत ओढणाऱ्या भागात घातला! मी वापरलेली ऑफसेट छपाईची शाई पावसाळ्यात वरनं वाळल्यासारखी दिसते, आतनं ओलीच असते, ती रोलरला लागली, मग आतल्या काचेच्या पट्टीवर गेली, आणि पुढं जो कागद त्यातनं जाईल त्यावर वरपासून खालपर्यंत काळी रेघ. माझ्यानंतर त्या आजोबांचा उतारा गेला. बोलणी कुणी खाल्ली ते सांगायला नकोच.

पेनड्राइव्ह घरी आणून उघडला तर आणखी मजा. स्कॅनरला ऑटो क्रॉप चालू, म्हणजे मशीन आपलं आपण शाईची कड शोधून कापतं, त्यामुळं प्रत्येक फाइलचा आकार वेगळा, लावून बघितलं तर अख्खा माग थुईथुई नाचतोय. ऑटो एक्स्पोजर पण चालू, म्हणजे ज्या प्रिंटेत काळं जास्त तिला मशीन उजळ करतंय, जिच्यात कमी तिला गडद, चालवलं की ट्यूबलाइट फडफडतेय असं वाटतं. वर सगळं पीडीएफमध्ये, तेही दाबून लहान केलेलं. परत गेले, सेटिंग बदला म्हटलं तर "सेटिंगला हात लावायचा नाही, मालक ओरडतात." मालक कुठं आहेत? गावाला. कधी येणार? येतील की. मग उद्या या, मग गर्दी कमी झाल्यावर या, मग एकदा लाइटच नाही. एकदा तर मुलानं काचेवर ठेवायला कबूल केलं आणि पंधरा झाल्यावर फोन आला म्हणून बाहेर गेला तो गेलाच. ह्या सगळ्यात पावसाळा निम्मा संपला.

शेवटी खानापूरच्या मावसभावाकडं एक जुना फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर कागद ठेवायचा स्कॅनर माळ्यावर धूळ खात पडलेला निघाला. तो आणला आणि दोन संध्याकाळीत जे झालं ते इतके दिवस का होत नव्हतं ह्याचाच राग आला. आता नीट वाचा. काचेच्या कोपऱ्यात जाड पुठ्ठ्याचा काटकोन टेपनं चिकटवायचा आणि प्रत्येक कागद त्याला भिडवून ठेवायचा. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो नावाचं जे जे दिसेल ते बंद. स्कॅनची चौकट एकदा आखायची, मग तिला हात लावायचा नाही. टिफ किंवा पीएनजी, पीडीएफ नको. चित्र 6.4 बाय 3.6 इंच असलं तर 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) बरोबर 1920 बाय 1080 पिक्सेल येतात, मी 600 ला केलं, नंतर सरळ करायला जागा राहते. आणि फाइलची नावं 001, 002 अशीच, मधला नंबर गाळू नका, नाहीतर सॉफ्टवेअर ती एक सलग क्लिप धरत नाही, तुकडे करतं.

हो, छापतानाच चारी कोपऱ्यांत बारीक अधिकचं चिन्ह छापून ठेवा, कागद हलला तरी त्यावरनं जुळवता येतं. आणि काही अक्षरं घालणार असाल तर उलटी कोरा, बटर पेपरवर लिहून तो पालथा घालायचा.

एडिटिंग मी डाविंची रिझॉल्व्हच्या फुकटच्या व्हर्जनमध्ये केलं. 24 फ्रेमच्या टाइमलाइनवर क्लिपचा स्पीड 33.33 टक्के केला की प्रत्येक प्रिंट तीन फ्रेम थांबते, रिटाइम प्रोसेस मात्र निअरेस्टवर ठेवा, दुसरं काही असलं तर दोन प्रिंटा एकमेकींत मिसळून धोट्याचं भूत दिसतं.

आवाजाचं सांगायचं राहिलंच, आणि हे मी सगळ्यात आधी केलं होतं, त्याचा अभिमान आहे. मामांचा तो माग मिनिटाला साधारण 120 ठोके मारतो, म्हणजे सेकंदाला दोन, म्हणजे एका ठोक्याला चार प्रिंटा, धोटा जाऊन परत यायला आठ. आवाज आधी मोजला म्हणून धोटा किती सरकवायचा ते कळलं. कारखान्यात मोबाईल मागाजवळ धरला तर नुसता फाटका आवाज येतो, दाराबाहेर उभं राहून घेतला तेव्हा ठोका सुटा ऐकू आला. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, 48 किलोहर्ट्झला. मामा म्हणाले, "एवढा आवाज रोज ऐकतोय, तुला तो वेगळा कशाला पायजे?" खरं व्हिडिओ बघून त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की ह्यात तिसऱ्या मागाचा आवाज कसा काय आला. बरोबर ओळखलं होतं, मागं तो चालूच होता.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर शाईचे बारीक ठिपके सगळे चिखल होतात.